डब्ल्यूएनबीए: टीव्हीचे 220 कोटी डॉलर आले, तरी लीग तोट्यात कशी?

तिरकापास (नोव्हेंबर 2025)

मंडळी, डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतली स्त्रियांची बास्केटबॉल लीग) आणि खेळाडू संघटनेचा पगार-अटींचा करार 31 ऑक्टोबरला संपला. मुदत 30 नोव्हेंबरपर्यंत ढकललीय. या निमित्ताने जे आकडे वाचायला मिळतायत ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा धागा.

केटलिन क्लार्कला 2024 मध्ये पहिल्या वर्षाचा पगार मिळाला 76,535 डॉलर. त्याच मोसमात तिच्या इंडियाना फीव्हरच्या घरच्या सामन्यांना सरासरी 17,036 प्रेक्षक आले. त्याच वर्षी डिस्ने, ॲमेझॉन आणि एनबीसीशी 11 वर्षांचा साधारण 220 कोटी डॉलरचा टीव्ही करार झाला, जो 2026 पासून लागू होतो. क्लीव्हलंड, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया या नव्या संघांचं प्रवेशशुल्क प्रत्येकी 25 कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आहेत. आणि त्याच तोंडाने लीगवाले सांगतात की लीग तोट्यात आहे.

यंदाच्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या जणी ‘आमचं देणं आम्हाला द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या होत्या. भावना समजते. मला हिशोब समजून घ्यायचाय. पगार कमी का आहेत, आणि तोटा खरा आहे की वहीतला? ‘बायकांचा खेळ कोण बघतं’ छाप प्रतिसाद कृपया नकोत.

---

हिशोबनीस

आधी पगाराची रचना, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

2020 च्या करारात प्रत्येक संघाची वेतनमर्यादा (सगळ्या खेळाडूंच्या पगाराची मिळून कमाल रक्कम) 13 लाख डॉलर ठरली आणि पुढे दरवर्षी सरळ 3 टक्के वाढ. महसूल दुप्पट होवो नाहीतर निम्मा, वाढ 3 टक्केच. पाच वेळा 3 टक्के चढवा, 2025 चा आकडा येतो 15,07,100. किमान पगार 57,000 वरून 66,079. अनुभवी खेळाडूचा किमान 68,000 वरून 78,831. सर्वोच्च पगार, ज्याला सगळे ‘सुपरमॅक्स’ म्हणतात, 2,15,000 वरून 2,49,244. कॅल्क्युलेटरवर ताडून बघा, पगार डॉलर-दोन डॉलरपर्यंत जुळतील; मर्यादेचा आकडा तेवढा शेकड्यात पूर्ण केलेला आहे. म्हणजे 2025 चा पगार जानेवारी 2020 मध्येच लिहून झाला होता.

एनबीएमध्ये, म्हणजे पुरुषांच्या लीगमध्ये, असं नाही. तिथे मर्यादा महसुलाला बांधलेली आहे आणि खेळाडूंचा वाटा 49 ते 51 टक्क्यांच्या पट्ट्यात राहतो. पैसा वाढला की मर्यादा आपोआप वर सरकते.

आता लीगभरची बेरीज. 2024 मध्ये 12 संघ, प्रत्येकी 14,63,200. एकूण 1 कोटी 75 लाख 58 हजार डॉलर. लीगच्या वार्षिक महसुलाचे बाहेर आलेले अंदाज 20 कोटींच्या आसपासचे आहेत, त्यावरून ‘खेळाडूंना जेमतेम 9-10 टक्के’ हे वाक्य आलंय. पण मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी तुलना. मे 2024 मध्ये आयुक्त कॅथी एंगलबर्ट यांनी चार्टर विमानांसाठी दोन मोसमांत 5 कोटी डॉलर जाहीर केले. म्हणजे वर्षाला अडीच कोटी. लीगमधल्या सगळ्या, पुन्हा सांगतो, *सगळ्या* खेळाडूंच्या वर्षाच्या पगारापेक्षा त्यांच्या विमानांचा खर्च जास्त.

विमानं नकोत असं कोणी म्हणत नाही, सहा फूट चार इंचांची बाई इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर बसून जाऊन दुसऱ्या दिवशी खेळणार कशी? मुद्दा पगाराचा डोंगर किती बुटका आहे हा.

---

तिरकापास

विमानांची तुलना भारी आहे. पण 2020 च्या करारात महसूल-वाटणीचं कलम होतं ना? 50-50 वगैरे. त्याचं काय झालं?

---

हिशोबनीस

होतं. तेव्हा मथळेही त्याचेच झाले होते. पण ते 50-50 होतं ठरलेल्या उद्दिष्टाच्या *वरच्या* महसुलावर. उद्दिष्ट काढायची पद्धत अशी: 2019 चा महसूल पाया धरायचा, त्यावर दरवर्षी 20 टक्के वाढ गृहीत धरायची, आणि उद्दिष्ट त्या-त्या वर्षापुरतं न ठेवता बेरजेने मोजायचं. आधीची तूट भरून निघाल्याशिवाय वाटणी नाही.

कल्पित आकड्यांत बघा. पाया 100. पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट 120, दुसऱ्याचं 144, तिसऱ्याचं 172.8. तिन्हींची बेरीज 436.8. समजा पहिल्या वर्षी जमले फक्त 60. पुढची दोन वर्षं उद्दिष्ट तंतोतंत गाठलंत, तरी तुमची बेरीज 376.8. वाटणी शून्य. ती 60 ची खोट भरायची म्हणजे एखाद्या वर्षी उद्दिष्ट गाठून वर आणखी 60 आणायचे, आणि तोवर उद्दिष्टही फुगत जातं.

पहिलं वर्ष 2020 निघालं. फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनला एका आवारात बंदिस्त मोसम, प्रत्येक संघाचे 22 सामने, एकही प्रेक्षक नाही. तिकीटविक्री नावाचा प्रकारच नाही. करार सहीला आला तेव्हा कोविड कोणाच्या डोक्यात नव्हता हे खरं, पण वाईट वर्ष बेरजेतून वगळायचं कलम नव्हतं ही मसुद्यातली चूक. खेळाडूंनी ऑक्टोबर 2024 मध्ये करारातून बाहेर पडायचा पर्याय वापरला तो याच जाचामुळे. नाहीतर हा करार 2027 पर्यंत चालला असता, आणि 2026 चे टीव्हीचे पैसे जुन्या मर्यादेखालीच आले असते.

---

बेंचवरचा

हिशोबनीस यांनी वरून दाखवलं, मी संघाच्या मॅनेजरच्या खुर्चीतून दाखवतो. ही मर्यादा ‘हार्ड’ आहे. एनबीएत जादा कर भरून मर्यादा ओलांडता येते, इथे एक डॉलरही पुढे जाता येत नाही. संघात 11 किंवा 12 जणी ठेवायच्या.

2025 चे आकडे घ्या. तीन सुपरमॅक्स घेतल्या की 7,47,732 गेले. उरले 7,59,368. बारा जणी ठेवायच्या तर नऊ जणींत वाटा, सरासरी 84,374. त्यात एखादी चांगली पॉइंट गार्ड दीड लाखाची हवी असेल तर बाकी आठ जणी जवळपास किमान पगारावर. मग मॅनेजर काय करतो? बारावी खेळाडू घेतच नाही. किमान 66,079 वाचले, ते आठव्या-नवव्या खेळाडूला.

म्हणून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निवडलेल्या मुली सराव शिबिरातूनच घरी जातात. गुणवत्ता नसते असं नाही. 2025 च्या 13 संघांत मिळून जास्तीत जास्त 156 जागा, आणि त्याही सगळ्या भरलेल्या नसतात. वर हमी असलेला करार मध्येच तोडला तर ती रक्कम मर्यादेत तशीच मोजली जाते. दुखापती झाल्या तर बदली खेळाडूला पैसे असतात पण मर्यादेत जागा नसते. खेळण्यालायक खेळाडू दहाच्या खाली गेल्या की मगच ‘हार्डशिप’ची, म्हणजे मर्यादेबाहेर जादा खेळाडू घ्यायची, सवलत मिळते. ऑगस्टमध्ये एखादा संघ मोजक्याच जणींवर सामना काढताना दिसतो, तो यामुळे.

राहण्याची जागा संघ देतो, हे पगारात धरलेलं नसतं. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार. या दोन गोष्टी 2020 च्या कराराच्या जमेच्या बाजूला लिहायला हव्यात.

---

फ्रीथ्रो_71टक्के

तोट्याबद्दल. 2024 साठी 4 ते 5 कोटी डॉलर तोट्याच्या बातम्या होत्या. त्यातले अडीच कोटी वर आलेल्या विमानांचे. म्हणजे निम्म्याच्या आसपास तोटा नव्याने केलेल्या खर्चाचा आहे. पण तो ‘खोटा’ म्हणून सोडून देऊ नका. रोख पैसा खरोखर जातो.

प्रश्न कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या खिशात. लीगची मालकी अशी आहे: 42 टक्के एनबीएकडे, 42 टक्के डब्ल्यूएनबीए संघमालकांकडे, 16 टक्के गुंतवणूकदारांकडे. हे 16 टक्के 2022 मध्ये विकले, साडेसात कोटी डॉलर उभे केले. नायके, अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस वगैरे त्यात आहेत. तेव्हा पैशाची खरीच गरज होती, पण आज मागे वळून बघितलं तर तो हिस्सा मातीमोल दिला असं म्हणावं लागतं. लीगच्या मध्यवर्ती कमाईतला प्रत्येक डॉलर संघांकडे पोचायच्या आधी या तीन जणांत वाटला जातो. टीव्हीचे 20 कोटी भागिले 15 संघ असा हिशोब सगळीकडे फिरतोय, तो म्हणूनच चुकीचा.

दुसरं, इंडियाना, न्यूयॉर्क, मिनेसोटा, फिनिक्स, वॉशिंग्टन, गोल्डन स्टेट (सॅन फ्रान्सिस्को) या ठिकाणी स्त्रियांचा संघ आणि एनबीएचा संघ एकाच मालकाकडे आहेत. आता हॉलचं भाडं कोण कोणाला देतं? प्रायोजक दोन्ही संघांची जाहिरात एकत्र विकत घेतो, त्यातला किती हिस्सा स्त्रियांच्या खात्यात टाकायचा? हे लेखापाल ठरवतो. डाव्या खिशातून उजव्या खिशात पैसे गेले तर डावा खिसा ‘तोट्यात’. कोणी लबाडी करतंय असा आरोप नाही, पण नियम एकाच बाजूने लिहिले असतील तर दुसरी बाजू आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

तिसरं, नव्या संघांचं प्रवेशशुल्क. तिघांचे मिळून 75 कोटी. हे ‘महसूल’ नाहीत, एनबीएतही ते खेळाडूंबरोबर वाटल्या जाणाऱ्या उत्पन्नात धरत नाहीत. मालक म्हणतात, नवा संघ आला की आमचा टीव्हीतला हिस्सा पातळ होतो, त्याची ही भरपाई. तर्क चूक नाही. पण मग वार्षिक तोटा मोजताना एक वही आणि संघाची किंमत सांगताना दुसरी वही, असं होतं. कनेटिकट सन हा संघ 2003 मध्ये 1 कोटी डॉलरला घेतला होता. 2025 मध्ये त्याच संघाला 32.5 कोटींची बोली लागल्याची बातमी आली. (सौदा लीगमध्ये अडकला, तो वेगळा धागा.) बावीस वर्षं दरसाल दहा लाखांचं नुकसान सोसलं असं धरलं, तरी मालकाला रडायचं कारण नाही.

---

गॅलरीतला_आवाज

सगळ्यांचं वाचलं. थोडं थंड पाणी ओततो, कारण धागा एका बाजूला झुकतोय.

ह्यूस्टन कॉमेट्सनी 1997 ते 2000 सलग चार विजेतेपदं घेतली, लीगची पहिली चार. 2008 मध्ये संघ बंद. सॅक्रामेंटो 2009 मध्ये बंद. तीन वेळा जिंकलेला डेट्रॉइटचा संघ 2010 ला टल्साला गेला, तिथून 2016 ला डॅलसला. 2002 पर्यंत तर सगळे संघ एनबीएच्याच मालकीचे होते, म्हणून तोटा दिसत नव्हता. बाहेरचे मालक आले आणि दिसायला लागला. वीस वर्षं ज्यांनी हे चालवलं त्यांना ‘आत्ताच पैसा आलाय, जपून’ असं वाटणं साहजिक आहे.

आणि आलेला पैसा सगळीकडे सारखा नाही. वॉशिंग्टनचा नेहमीचा हॉल 4,200 खुर्च्यांचा. इंडियानाशी सामना असला की तो मोठ्या हॉलमध्ये हलवतात आणि 20,000 वर लोक येतात. अटलांटाचं तेच, 3,500 चा हॉल सोडून शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये गेले की 17,000. एका पाहुण्या खेळाडूवर यजमान संघाचा मोसमाचा ताळेबंद हलतो. तीच क्लार्क 2025 मध्ये दुखापतीमुळे 13 च सामने खेळली. महसुलाला बांधलेली मर्यादा हवी असेल तर ती खालीही येऊ शकते, ही तयारी हवी.

---

फ्रीथ्रो_71टक्के

@गॅलरीतला_आवाज, इतिहास मान्य. पण ‘एका खेळाडूवर’ हे गोल्डन स्टेटला लावून दाखवा. 2025 मध्ये पहिल्यांदाच मैदानात उतरलेला संघ, त्यात घरोघरी माहीत असलेली एकही तारका नाही, आणि घरचे 22 च्या 22 सामने 18,064 खुर्च्यांच्या हॉलमध्ये हाउसफुल्ल. फरक पडला तो मोठा हॉल, त्या हॉलच्या तारखा, स्वतंत्र विक्री विभाग आणि वेगळं सराव केंद्र पहिल्या दिवसापासून दिल्याने. न्यूयॉर्कचा संघ 2018-19 मध्ये उपनगरातल्या दोन-अडीच हजारांच्या हॉलमध्ये खेळत होता. मालक बदलला, ब्रुकलिनच्या हॉलमध्ये आला, 2024 ला विजेता झाला. हॉल लहान ठेवला की तिकिटं कमी विकली जातात, ती कमी विकली गेली की हॉल लहान ठेवतात. अंडं-कोंबडी.

याच न्यूयॉर्क संघाने 2021 च्या मोसमात स्वतःच्या पैशाने चार्टर विमान केलं म्हणून लीगने त्यांना 5 लाख डॉलर दंड केला होता. कारण? बाकीच्यांना परवडत नाही, मग तुम्हालाही नाही. सर्वांत गरीब मालकाच्या चालीने सगळी दिंडी चालणार, हे धोरण 2024 पर्यंत होतं.

---

सांगलीकर

आपल्या माहितीतली एक तुलना टाकतो. डब्ल्यूपीएल, आपली महिला क्रिकेट लीग, 2023 मध्ये सुरू झाली. पाच संघ 4,669.99 कोटी रुपयांना विकले. प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी 951 कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे 190. लिलावासाठी प्रत्येक संघाला 12 कोटी, एकूण 60. म्हणजे फक्त टीव्हीच्या पैशाशी तुलना केली तर 31-32 टक्के रक्कम खेळाडूंच्या पगारासाठी ठेवलेली. आमच्या सांगलीची स्मृती मानधना 3.4 कोटींना गेली. डॉलर 88 रुपये धरला तर डब्ल्यूएनबीएचा सुपरमॅक्स 2.19 कोटी होतो. तेवीस दिवसांची स्पर्धा एकीकडे, 44 सामन्यांचा मोसम दुसरीकडे.

पण अभिमानाने कॉलर ताठ करायच्या आधी एक बघा. डब्ल्यूएनबीएचा जुना टीव्ही करार वर्षाला अंदाजे 6 कोटी डॉलरचा होता, त्याच्याशी 2024 चे पगार ताडले तर 29 टक्के निघतात. म्हणजे आपल्याइतकेच! 2020 ते 2024 मध्ये प्रमाण तितकं भयंकर नव्हतं. भयंकर झालं असतं ते 2026 ला: मर्यादा आणखी 3 टक्के वाढवून 15,52,300, गुणिले 15 संघ, 2.33 कोटी. भागिले 20 कोटी. साडेअकरा टक्के. खरं भांडण या आकड्याचं आहे.

आणि आपल्याकडे संघ, टीव्ही, लिलाव हे एकाच मोसमात मांडलं गेलं, कारण मागे बीसीसीआय उभी. बास्केटबॉलमध्ये टीव्हीचा मोठा पैसा यायला 27 वर्षं लागली.

---

बेंचवरचा

@सांगलीकर, 31 आणि 29 ची गंमत ध्यानात आली नव्हती, धन्यवाद.

एक राहिलंय, परदेशातली कमाई. फिनिक्सची तारका डायना टॉरासीने 2015 चा डब्ल्यूएनबीए मोसम सोडला, कारण रशियातल्या एकातेरिनबुर्गच्या क्लबने तिला विश्रांतीसाठी पैसे दिले. तिथला तिचा पगार 15 लाख डॉलरच्या घरातला, इथला एक लाखाच्या आसपास. मालकांनी 2020 च्या करारात यावर उपाय घातला: दोन वर्षांहून जास्त अनुभव असलेली खेळाडू परदेशातून इथल्या मोसमाला उशिरा आली तर 2023 मध्ये दिवसाला पगाराच्या 1 टक्का दंड, 2024 पासून थेट मोसमभर निलंबन. म्हणजे पगार 3 टक्क्यांनी वाढणार आणि जोडधंदा बंद. 2022 मध्ये डब्ल्यूएनबीएच्याच ब्रिटनी ग्राइनरला रशियात अटक झाल्यावर तो रस्ता तसाही धोक्याचा झाला.

ती पोकळी ‘अनरायव्हल्ड’ने भरली. नफीसा कोलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट यांनी काढलेली तिघी-विरुद्ध-तिघी लीग, जानेवारी 2025, मायामीजवळ. 36 खेळाडू, सरासरी पगार 2,20,000 डॉलरच्या वर, शिवाय लीगमध्ये भागीदारी. कसं परवडतं? सगळे संघ एकाच इमारतीत, त्यामुळे प्रवास शून्य. खुर्च्या 850 च्या आसपास, हॉल भरायची चिंता नाही. कमाई टीएनटी वाहिनी आणि प्रायोजकांची. खेळाडूच कमी, त्यामुळे पगाराचं एकूण बिल 80 लाखांच्या घरात. हे मॉडेल 15 शहरांच्या लीगला लागू पडत नाही, पण वाटाघाटीत खेळाडूंच्या हातात ते आहे: हिवाळ्यात पैसे येतायत, संप झाला तर चूल पेटती राहील.

---

तिरकापास

आता बरंच उलगडलं. शेवटचा प्रश्न. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर म्हणाले की टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष रक्कम बघा, मोठी वाढ मिळणार आहे. नवा करार आला की ती ‘मोठी वाढ’ खरी की कागदी, हे कशावरून ओळखायचं?

---

हिशोबनीस

सर्वोच्च पगाराच्या मथळ्याकडे बघू नका, तो लीगमधल्या मोजक्याच जणींचा असतो. या क्रमाने कलमं वाचा:

पहिलं, वाटणी एकूण महसुलावर की खर्च वजा जाता. संघटनेला पहिली हवी, लीगला दुसरी. ‘खर्च वजा जाता’ असेल तर लगेच खर्चाची व्याख्या शोधा: विमानं, मध्यवर्ती कर्मचारी, मार्केटिंग, एनबीएकडून घेतलेल्या सेवांचं बिल. दोन वर्षांत दुप्पट होऊ शकणारा कोणताही खर्च तिथे बिनमर्यादा असेल, तर टक्केवारी 50 लिहा नाहीतर 80, हाती येईल ते मालकाच्या मर्जीचं.

दुसरं, महसुलात संघांचा पैसा धरलाय की फक्त लीगचा. तिकिटं, स्थानिक प्रायोजक, टी-शर्ट हे संघांकडे जमतात. फ्रीथ्रो यांनी सांगितलेल्या एकत्र जाहिरातींचं विभाजन कोण करणार, आणि संघटनेच्या लेखापालाला संघांच्या वह्या उघडता येतील का, हे याच कलमात असतं.

तिसरं, उद्दिष्ट वर्षागणिक की बेरजेने. बेरजेने असेल तर 2020 ची पुनरावृत्ती.

चौथं, टीव्ही करारातलं फेरविचाराचं कलम. हे 220 कोटी एनबीएच्या साधारण 7,700 कोटींच्या गठ्ठ्यातून वेगळे काढलेले आहेत, जेमतेम 3 टक्के. तीन वर्षांनी पुन्हा मोल करायची सोय त्यात आहे. वाढ झाली तर मर्यादा त्याच वर्षी हलते की करार संपेपर्यंत थांबते?

---

बेंचवरचा

पाचवं मी घालतो: आधीच सही केलेल्या नवख्या मुलींचं काय. अनुभवी खेळाडू हुशार निघाल्या, बहुतेक सगळ्यांनी आपले करार 2025 लाच संपतील असे केले, त्यामुळे शंभराहून जास्त जणी आता मोकळ्या आहेत. पण ड्राफ्टमधून आलेल्यांचे पगार चार वर्षांसाठी छापील असतात. क्लार्कचा 2026 चा आकडा कागदावर 85,873 आहे. नव्या करारात किमान पगार त्याच्या वर गेला तर तिला किमान मिळणार हे उघड आहे. पण जुन्या नवख्यांची श्रेणी नव्या नवख्यांइतकी केली नाही, तर 2026 च्या ड्राफ्टमधली पहिली मुलगी त्याच लीगमध्ये क्लार्कपेक्षा जास्त पगार घेऊन उतरेल.